रिपोर्ट चांगला यावा म्हणून

जोगेश्वरीच्या तबेल्यात मी पहिल्यांदा शेण गोळा करायला गेले, तेव्हा म्हशी न्हाऊनमाखून उभ्या होत्या. शिंगांना तेल लावलेलं होतं, गव्हाणी घासून काढल्या होत्या, आणि दाराजवळच्या म्हशीच्या कपाळावर चक्क कुंकू होतं. तबेल्याचे शेठ इस्त्रीचा सदरा घालून वाट बघत होते. मुलगी बघायला पाहुणे यायचेत अशी सगळी तयारी. आणि मी सोबत आणलं होतं काय, तर कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे आणि झाकणाच्या डब्या.

शेठ जोगेश्वरीतच जन्मलेले. आजोबा कधीतरी उत्तरेतून आले, पण यांचं मराठी माझ्याइतकंच मुंबईचं. तबेल्याच्या चहूबाजूंनी टॉवर उठलेत आणि तबेला इथून हलवा म्हणून वरच्या मजल्यांवरून अर्ज जातच असतात. त्यामुळे कुणी डबी घेऊन आलं की त्यांनी धास्तावणं साहजिक होतं. मी त्यांना नीट समजावून सांगितलं की ही तपासणी नाही, इथे पास-नापास काही नसतं, तुमचं नाव कुठेही येणार नाही. त्यांनी मान हलवली. डॉक्टर 'दुखणार नाही' म्हणतात तेव्हा आपण जशी हलवतो, तशी.

माझं काम जंतूंचं. पवईच्या एका प्रयोगशाळेत आम्ही जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यातले जंतू वाढवतो, त्यांतले कोणते औषधांना दाद देत नाहीत ते बघतो, आणि मग अशा एकेका जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढतो. वाचतं अर्थात यंत्र. मग संगणक त्या लाखो अक्षरांची एकमेकांशी तुलना करून वंशवृक्ष काढून देतो. म्हशीच्या पोटातला जंतू आणि तिची धार काढणाऱ्याच्या पोटातला जंतू सख्खे भाऊ आहेत, चुलत आहेत, की नुसतेच आडनावबंधू, हे त्यावरून कळतं. औषधाला न जुमानण्याचं जनुक तर भावकीच्या बाहेरही जातं. शेजारणीने वाटीभर विरजण मागून न्यावं, तसं एक जंतू ते दुसऱ्याला देतो. मला हे काम मनापासून आवडतं. ते लग्नकार्यात कुणाला समजावून सांगणं मात्र मी कधीच सोडून दिलंय.

त्या दिवशी म्हशींचं शेण घेतलं. तिथेच वर राहणाऱ्या गड्यांना आणि त्यांच्या बायकांना डब्या दिल्या, आणि त्यात काय भरायचं ते सांगताना नेहमीप्रमाणे सगळ्यांनी छताकडे बघितलं. मुलुंडला घरी पोचले तर आईने दारातच अडवलं. कशाला हात न लावता आधी मोरीत जा म्हणाली. तिच्या मते माझ्या नोकरीत आणि गुरं राखण्यात एकच फरक होता, तो म्हणजे गुरं राखायला एवढी वर्षं शिकावं लागत नाही.

आई आणि मी दोघीच राहतो. वडील मिलमध्ये होते, मिल बंद झाल्यावर त्यांनी बरीच वर्षं मुलुंडच्या एका कारखान्यात काढली, आता ते नाहीत. आईला साखरेचा जुना आजार आहे. आदल्या वर्षी तिला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढलं. तेव्हा ती वाचली, पण आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा वर चढलं तर या वयात हाताशी फार वेळ नसेल, ताप आला की आधी लघवीची कल्चर करायची, अंदाजाने औषध द्यायचं नाही. कल्चर म्हणजे लघवीत जंतू वाढतो का आणि वाढला तर कोणत्या औषधाने मरतो, ते बघणं. ही गोष्ट मी मनात कोरून ठेवली होती. आईला फक्त एवढंच सांगितलं होतं की ताप लपवायचा नाही.

तबेल्यातल्या जंतूंचे जीनोम वाचून झाले आणि वंशवृक्ष पडद्यावर आला, तेव्हा आमच्याकडे संगणकाचं काम बघणारा माझा सहकारी खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "वाट लागली."

लागलीच होती. एवढ्या म्हशी, प्रत्येकीचं पोट वेगळं, चारापाणी एक असला तरी निरनिराळ्या वंशांचे जंतू निघायला हवेत. झाडाला फांद्या हव्यात. आमचं झाड म्हणजे नुसता खांब होता. जवळजवळ सगळ्या म्हशींमधून एकाच वंशाचा जंतू निघाला होता, अक्षरांचा फरक जेमतेम, आणि तो भारीतल्या औषधांना भीक घालत नव्हता. असं दिसलं की आमच्या धंद्यात पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. कुणाच्या तरी हाताने एका डबीतलं दुसरीत गेलं असणार. सहकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि नमुने कुणी उघडले होते यावरून आमची चांगलीच जुंपली. मला राग लवकर येतो आणि त्याला तो मुळीच येत नाही, त्यामुळे माझा आणखी वाढतो.

शेवटी ठरलं की नमुन्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचीही डबी द्यायची. जंतू आमच्यातला कुणाचा असेल तर तो झाडावर दिसेलच. आता छताकडे बघायची पाळी आमची होती. मीही माझी डबी दिली.

त्या डब्यांवर काम चालू असतानाच आईला ताप आला. तिने तो लपवला नाही, पण सांगितला मात्र एक दिवस उशिरा, आणि तोही भाजी निवडता निवडता, जणू काही भेंडी जून निघाल्याचं सांगतेय. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लगेच कल्चर लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाटली दिली. मी ती स्वतः नेऊन पोचवली आणि रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

रिपोर्ट स्वच्छ आला. जंतूची वाढ नाही. डॉक्टर म्हणाले की मग हा साधा व्हायरल दिसतोय, पण लक्ष ठेवा. आईचा चेहरा असा खुलला की बोर्डात आली म्हणावं. शेजारच्या वहिनींना तिने तो कागद दाखवला आणि संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मलाही इतकं हायसं वाटलं की तिचं अंग अजून कढत लागतंय याकडे मी त्या संध्याकाळी फारसं लक्ष दिलं नाही. ताप खाली यायचा, पुन्हा चढायचा. कंबर दुखतेय म्हणाली, पण ती भाकऱ्यांमुळे असेल असंही तीच म्हणाली.

इकडे आमच्या डब्यांचे निकाल लागले. तबेल्यातला जंतू आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. सगळ्यांचे जंतू झाडावर लांब लांब बसले होते. माझ्या पोटात मात्र औषधाला दाद न देणारा एक जंतू निघाला, वेगळ्याच वंशाचा. हे नवलाचं नव्हतं. आपल्या शहरात असे जंतू अंगावर वागवत हिंडणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांना काही होत नाही. सहकाऱ्याने सवयीने दोन दिवस मला चिडवलं. पण मग तबेल्यात तो खांब आला कुठून, हा प्रश्न तसाच उरला. मी शेठना फोन केला आणि जोगेश्वरीला गेले.

या वेळी म्हशी म्हशींसारख्याच होत्या. शेठनी दुधाचा दाट चहा मागवला. मी त्यांना संगणकावरचं झाड कागदावर काढून दाखवलं, फांद्या कशा असायला हव्या होत्या आणि कशा नाहीत ते सांगितलं, आणि नव्या म्हशी एकाच ठिकाणाहून आणल्या होत्या का, कुठला रोग आला होता का, असं एकेक विचारत गेले. ते नाही नाही म्हणत होते. मग मी विचारलं की आम्ही यायच्या आधी काही औषध दिलं होतं का. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"इंजेक्शन दिलं होतं ना ताई. सगळ्यांना. भारीतलं. तुम्ही यायच्या आधी दोन दिवस."

कोणत्या रोगासाठी, मी विचारलं.

"रोग कसला? तुमचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून. तुम्ही एवढ्या लांबून येणार, शेणात हात घालणार, आणि माझ्या म्हशींमुळे तुमच्या साहेबांसमोर तुमची मान खाली? मी म्हटलं, सगळे किडे मारून टाकू, मग ताईंना बोलावू."

त्यांनी केलं होतं ते इतकं सरळ होतं. इंजेक्शनाने साधे, गरीब जंतू मेले. एक निगरगट्ट वाण तेवढा उरला, त्याला मोकळं रान मिळालं आणि तो सगळ्या गोठ्यात माजला. आम्हाला जे दिसलं ते म्हशींचं रोजचं पोट नव्हतंच, ते आमच्या स्वागताची तयारी झाल्यानंतरचं पोट होतं. शिंगांना तेल लावलं, कुंकू लावलं, आणि त्याच हौसेने इंजेक्शन दिलं. औषध उतरलेलं त्या दोन दिवसांचं दूध विकलं का, असंही मी विचारलं. त्यावर ते गव्हाणीकडे बघू लागले, आणि मला उत्तर मिळालं. मी चिडायला हवं होतं. पण एका अनोळखी बाईची मान खाली जाऊ नये म्हणून या माणसाने खिशातले पैसे घालून महिन्यांचं काम नासवलं होतं. त्याच्यावर कोणत्या तोंडाने चिडायचं ते मला कळेना.

मी त्यांना सांगितलं की आम्ही काही महिन्यांनी पुन्हा येऊ, आणि तेव्हा काहीही करायचं नाही, म्हशींना आंघोळसुद्धा नेहमीच्या वेळीच. ते ओशाळून हो म्हणाले. मला पोचवायला दारापर्यंत आले आणि माझी समजूत काढावी तसं म्हणाले, "घरात कुणाची टेस्ट असली की आपण पण तयारी करतोच की, ताई."

मला आईची बाटली आठवली. रस्त्यावर रिक्षा थांबली होती, तिच्यात बसले, मुलुंड म्हणाले, आणि वाटेत आईला फोन लावत राहिले. आदल्या वर्षी इन्फेक्शन वर चढायच्या आधी दिलेल्या गोळ्या घरात उरल्या होत्या हे मला माहीत होतं. आई काहीही फेकत नाही. ती गोळी लघवीत उतरते, तिथले जंतू मारते, पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेशी पोचत नाही. म्हणजे बाटलीतली लघवी स्वच्छ दिसते आणि वरती आग चालूच राहते. मी हे सगळं शिकलेली, शिकवणारी बाई, आणि माझ्या घरातला स्वच्छ कागद बघून मी भाकऱ्या खाल्ल्या होत्या. फोन आईने उचलला नाही, वहिनींनी उचलला. म्हणाल्या, थंडी वाजून हुडहुडी भरलीय, दोन गोधड्या घातल्यात, तुला फोन करणारच होते.

घरी पोचले तेव्हा तिचे दात वाजत होते. मी तिच्या उशाशी बसले आणि विचारलं की बाटली द्यायच्या आधी गोळी खाल्ली होतीस का. ओरडायचं नाही असं ठरवून विचारलं, तरी आवाज चढलाच.

"खाल्लंय," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "आदल्या रातीक एक आणि सकाळी एक. रिपोर्ट चांगलो येवक व्हयो ना गो. वायट इलो तर तू रजा काढतलंस, कामधाम सोडून हॉस्पिटलात बसतलंस. तुझा आधीच त्या म्हशींचा काय ता बिघडलाहा."

रिपोर्टसाठी, माझ्या रजेसाठी, माझ्या म्हशींसाठी. मला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितकीच माया दाटून आली. वहिनींनी तोवर खाली गाडी बोलावली होती.

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरांना आधी गोळीचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वच्छ कागद बाजूला ठेवला, रक्त घेतलं, कल्चरला पाठवलं, आणि निकालाची वाट न बघता साध्या औषधांना न जुमानणारा जंतू असणार असं धरून सलाईनमधून वरच्या पायरीचं औषध चालू केलं. रक्तात जंतू निघाला. त्यांचा अंदाज खरा ठरला होता. तो कागद धरून साध्या तापाचे उपचार आणखी एकदोन दिवस चालले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आई हळूहळू वर आली. मासळी कधी मिळेल असं तिने विचारलं, त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन पोटभर रडले.

ती घरी आल्यावर मी तिला विचारलं की तिच्या रक्तातला तो जंतू हॉस्पिटलकडून रीतसर मागून घेऊन आमच्याकडे वाचला तर चालेल का. तिने विचारलं की त्यातून काय कळणार. तो कोणाच्या वंशातला आहे, मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती की तो तबेल्यातला असेल आणि मीच तो कपड्यांवरून घरी आणला असेल. तिलाही तेच वाटत असावं, पण तिने कागदावर सही केली.

तो तबेल्यातला नव्हता. झाडावर म्हशींच्या त्या खांबाच्या जवळपासही नव्हता. सहकाऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं. आईचा ठिपका एका दुसऱ्या ठिपक्यावर जवळजवळ चिकटून बसला होता. तो दुसरा ठिपका माझा होता.

घरी गेल्यावर मी लपवलं नाही. चहा झाल्यावर तिच्याशेजारी बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि झाड दाखवलं. या सगळ्या म्हशी, हे गडी, हे आम्ही कामावरचे लोक. आणि हे आपण दोघी. तुझा आणि माझा जंतू एकच, सख्खा. माझ्या पोटात तो नुसता पडून आहे, मला त्याचं काही नाही, त्यावर औषधही घ्यायचं नसतं. तिने चष्मा लावून बराच वेळ ते दोन ठिपके बघितले. मग तिने विचारलं की आधी कोणाकडे होता, तिच्याकडे की माझ्याकडे. मी म्हटलं, ते यातून कळत नाही. दोघींकडे एकच आहे एवढं कळतं, कुणी कुणाला दिला ते नाही. एका घरात राहणाऱ्या, एका मोरीत हात धुणाऱ्या बायका आपण, कसाही गेला असेल, किंवा तिसरीकडूनच दोघींना आला असेल.

पडद्यावरचा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू पोटात होतंस तेव्हा काय दिलंय ता दिलंय. ह्यो माझ्याकडसून नको होतो."

मी घाईघाईने सांगू लागले की उलटंच झालं असेल, बाहेर हिंडते मी, हॉटेलात खाते मी, नाना ठिकाणच्या डब्या उघडते मी, आणि तुझी साखर जास्त म्हणून तुला तो बाधला. म्हणजे तुझ्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळे असेल. हे मी तिचं मन राखायला बोलत होते, पण बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं. तिने लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. नाही म्हणाली, तो तिचाच होता, आदल्या वर्षी आजारात मी तिचे कपडे धुतले, तिला उठवलं-बसवलं, तेव्हा मला गेला. तिने सगळं आठवून ठेवलं होतं. तुझ्या रिपोर्टात तसं लिही, म्हणाली.

काही महिन्यांनी आम्ही तबेल्यातलं काम पुन्हा केलं. शेठनी या वेळी खरंच काही केलं नव्हतं, आणि झाडाला फांद्या आल्या. त्यातले काही जंतू वाईट होते. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि मनाने इंजेक्शन द्यायचं नाही असंही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकून घेतलं. मग आमचा लेख लिहायला घेतला. त्यात एका घरातल्या दोन व्यक्तींचाही उल्लेख आहे, नावांशिवाय. त्यांच्याबद्दल मी लिहिलं की दोघींमधला जंतू एकच होता आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला हे ठरवता आलं नाही. ते वाक्य मी आईला मराठीत वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"ह्या खोटा आसा," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.